झाकलेलं भांडं

"व्याही पहिल्यांदाच घरी जेवायला येणार, आणि आपण बाहेरून मागवायचं? छे! स्वयंपाक मी करणार," बसचालकाने जाहीर केलं.

गणवेशाला इस्त्री करता करता त्याच्या परिचारिका बायकोने वर पाहिलं. "करा की. पण काय करणार तेवढं सांगून ठेवा."

"कोंबडी. अख्खी. भाज्यांच्या गादीवर निजवलेली, ओव्हनमध्ये!"

पाककृतींची पुस्तकं म्हणजे त्याचा जीव की प्राण. लोक रहस्यकथा वाचतात तशी तो ती वाचायचा. शेवटच्या थांब्यावर बस उभी केली की स्टिअरिंगवर पुस्तक उघडायचं, ते वाहकाचा घंटा वाजवून वाजवून हात भरून आला की मिटायचं. घरातला रोजचा स्वयंपाकही बहुतेक तोच करायचा, आणि पुस्तकातला शब्द सिग्नलसारखा पाळायचा. 'ढवळत राहावे' असं छापलं असेल, तर दारावरची बेल खुशाल वाजो, हा ढवळत राहणार.

रविवारी बायको सकाळच्या पाळीला गेली आणि मुलगी आपल्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना आणायला. बसचालकाने कोंबडीला लोणी, मीठ, मिरपूड चोळली आणि पुस्तकाच्या सांगण्यावरून ती मुरायला फ्रिजमध्ये ठेवली. जाड बुडाच्या भांड्यात कांदे, गाजरं, बटाटे, लसूण असे थर रचले, वर लोण्याचे गोळे सोडले. एवढ्यात फोन वाजला.

"बाबा, निघालोय आम्ही. सोफ्यावर तुमची पुस्तकं पसरलेली नाहीत ना?"

"छे गं!" असं म्हणत त्याने सोफ्यावरची सगळी पुस्तकं कवेत घेतली, पलंगाखाली ढकलली, धापा टाकत स्वयंपाकघरात आला, भांड्यावर झाकण घातलं आणि भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. मग पुढची ओळ वाचली. 'एकदा झाकल्यावर पानं वाढेपर्यंत झाकण उचलू नये. वाफ गेली की चव गेली.' त्याने गंभीरपणे मान डोलावली.

घरभर झकास वास सुटला, आणि वीज गेली.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे गॅसवरचा ओव्हन होता. बाईंशी त्याचं फारसं सख्य नव्हतं. 'पुस्तकं वाचून पोहता येत नाही, तसा स्वयंपाकही येत नाही,' असं त्या त्याला एकदा जिन्यातच ऐकवून बसल्या होत्या. पण अभिमान गिळून, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं भांडं घेऊन तो त्यांच्या दारात उभा राहिला.

"ओव्हनमध्ये माझा केक आहे," बाई म्हणाल्या.

"बाई, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

बाई विरघळल्या. त्यांनी अर्धाकच्चा केक बाहेर काढला. तो दोघांच्या डोळ्यांदेखत मधोमध खचला आणि त्याची बशी झाली. बाईंनी एक सुस्कारा टाकला. "बघू तरी, कशासाठी एवढं बलिदान दिलं मी!" म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला.

"उघडायचं नाही!" बसचालक गरजला. मग ओशाळून म्हणाला, "म्हणजे... तशी छापील सूचना आहे."

"उत्तरपत्रिका न उघडता मी कधी कुणाला पास केलेलं नाही."

"मग तुम्हीही जेवायलाच या ना, बाई. तिथेच तपासा."

बाईंच्या ओव्हनमध्ये सगळं शिजल्यावर भांडं घेऊन तो जिना चढू लागला, तर मागून मुलगी, तिचा होणारा नवरा आणि व्याही-विहीणबाई आलेच. व्याही टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ओझं दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. "अहो, द्या इकडे!" म्हणत त्यांनी भांड्याचा कान पकडला. टॉवेल नेमका तिथूनच सरकला होता. व्याही उरलेल्या पायऱ्या धावत चढले आणि आल्या आल्या हात धुवायला कुठे जायचं ते विचारलं.

पानं मांडली. सगळे बसले, बाईही चष्मा पुसून सज्ज झाल्या. बसचालकाने भांडं मध्यभागी ठेवलं, छाती पुढे काढली आणि झाकण उचललं. वाफेचा लोट उठला. लोण्यात न्हालेली गाजरं, सोनेरी बटाटे, विरघळायला आलेले कांदे. त्याने डावाने एक बाजू उकरली. मग दुसरी. गादी होती, निजणारी नव्हती.

त्याचे कान तापले. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं, एवढ्यात विहीणबाई उद्गारल्या, "अगं बाई! नुसत्या भाज्या!"

"त्याचं असं झालं..."

"तुम्हाला कुणी सांगितलं? आम्ही दोघांनी मांसाहार सोडलाय हो. उगाच तुमची धावपळ नको म्हणून बोललो नाही. घरून थोडं खाऊनच निघालो होतो."

व्याह्यांनी घास घेतला, डोळे मिटले. "पण आता जागा करतो."

मुलगी बापाकडे बघत होती, डोळे भरून. "बाबा असेच आहेत," ती म्हणाली. "सगळ्यांचा विचार करतात." बसचालकाने उघडलेलं तोंड हळूच मिटलं आणि तिच्या पानात सगळ्यात मोठा बटाटा वाढला.

बाईंनी गाजर चावलं, पुन्हा चावलं, आणि पहिल्या श्रेणीत पास करावं तशी मान हलवली.

तेवढ्यात बायको कामावरून आली आणि पाणी प्यायला थेट फ्रिजकडे गेली. दुसऱ्याच क्षणी ताट हातात घेऊन दारात उभी राहिली. ताटात लोण्याने चकाकणारी, पाय वर केलेली कोंबडी.

"अहो, ही इथे काय करतेय?"

 बसचालक उठला. बस घाटात बंद पडली तरी प्रवाशांना चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, ही त्याची सवय होती. त्याने बायकोच्या हातून ताट घेतलं आणि अदबीने मुख्याध्यापिकाबाईंपुढे धरलं.

"तुमच्यासाठी, बाई. तुमचा केक गेला त्याची भरपाई."

बाईंनी चष्मा सावरला, कोंबडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्यांना सगळं समजलं होतं. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ताट ठेवून घेतलं.

"कच्ची आहे," त्या एवढंच म्हणाल्या.

"ताजी आहे," बसचालक अभिमानाने म्हणाला.