एक नावाडी मंजूर

मुंबईच्या ट्रस्टचं पत्र दिंद्रुडच्या दवाखान्यात आलं तेव्हा शिवकांता नर्स सुया उकळत होती. तिने हात पुसून पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि स्टोव्ह विझवून ती रुद्रप्पांच्या दुकानाकडे निघाली. रुद्रप्पा हे किराणा व्यापारी आणि दवाखाना चालवणाऱ्या समितीचे अध्यक्ष. शाम्पूच्या पुड्यांची माळ दुकानात नव्यानेच आली होती. ती कुठे टांगली म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्याला बरोबर लागेल, याचा ते अंदाज घेत होते.

पत्रात लिहिलं होतं, 'आपल्या मागणीनुसार स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी एक नावाडी एका वर्षाकरिता मंजूर करण्यात येत आहे.'

शिवकांताने नावाडी मागितला नव्हता. तिने अर्जात सरळ लिहिलं होतं की आमच्या बायका छातीत गाठ लागली तर माझ्याकडे येतात, मी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देते, त्या एस.टी.ने तिथे पोचतात आणि तिथल्या खिडक्यांमध्ये हरवतात. त्यांच्या सोबत जाणारी, केसपेपर काढणारी, योग्य दारापाशी नेऊन बसवणारी आणि घरी परत आणणारी एक बाई हवी. तिच्या पगाराची तेवढी सोय व्हावी. मुंबईत त्या सोबतिणीचं इंग्रजीत 'नॅव्हिगेटर' झालं, आणि इंग्रजीतून परत येताना ती होडीत बसली.

रुद्रप्पांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. ते म्हणाले, दवाखान्यात हात धुवायला पाणी नाही आणि मंजूर होतोय नावाडी. पण मंजूर झालेलं परत करायचं नसतं, हेही त्यांनी बजावलं.

दोघं एसटीडी बूथवर गेले. फोनच्या पलीकडून ट्रस्टच्या माणसाने फाइल पाहून सांगितलं की पदाचं नाव बदलता येत नाही. चूक वाटत असेल तर मंजुरी परत करा आणि पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा. नेमणूक पंधरा दिवसांत व्हायला हवी आणि उमेदवाराला त्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव हवा. शिवकांताने मनात धरली होती दहावी पास, चुरूचुरू बोलणारी संगीता. ती तर उभ्या जन्मात होडीत बसली नव्हती.

एक वर्ष थांबायला शिवकांताची तयारी होती. कडूबाईची गाठ थांबणार नव्हती. कडूबाई धरणाच्या पाण्यापलीकडच्या वस्तीवर शेळ्या राखायची. पाच महिन्यांत ती मोठ्या दवाखान्याला दोनदा जाऊन आली होती. पहिल्यांदा तिचा नंबर येईपर्यंत खिडकी बंद झाली. दुसऱ्यांदा तिने सगळ्यात छोटी रांग निवडली आणि ती डोळ्यांची निघाली. "गाठ दाखवाया गेलते, आक्का, अन् चष्मा घिऊन आले," असं तिने येऊन सांगितलं. चष्मा चांगला होता. त्याने तिला शेळ्यांच्या अंगावरच्या गोचिड्या स्वच्छ दिसू लागल्या. तिसऱ्यांदा मात्र ती जायला तयार नव्हती.

तेव्हा अनुभवी नावाडी शोधणं भाग पडलं. धरणाच्या पाण्यावर सुग्रीव अकरा वर्षं होडी चालवत होता. त्याची मुलाखत दुकानातच झाली.

"तुला कॅन्सर ठावं हाय का बे?" रुद्रप्पांनी विचारलं.

"न्हाई, आप्पा. कुठं बसवायचं अन् कुठं उतरवायचं तेवढं सांगा."

"बायकांना न्यायचंय. मोठ्या दवाखान्यात."

"होडी एस.टी.च्या टपावर बांधायची का मग?"

"होडी न्यायची न्हाई."

"मग मला कावून बोलावलं?"

रुद्रप्पांनी त्याच्या हातात शाम्पूची एक पुडी ठेवली आणि नेमणूक झाल्याचं सांगितलं.

शिवकांताचा जीव मात्र धास्तावला. जे दुखणं बाई नवऱ्यालाही धड सांगत नाही, त्यासाठी सोबतीला परका बाप्या. कडूबाई काठी घेऊन मागे लागेल असं तिला वाटत होतं. ती स्वतः सुग्रीवला घेऊन वस्तीवर गेली. कडूबाईने पदर आवळला आणि मान फिरवली. सुग्रीव शेळ्यांपाशी पाठ करून उभा होता, तसाच तो बोलला.

"वैनी, होडीत बसणाऱ्याच्या गठुड्यात काय हाय ते मी कदी इचारत न्हाई. तुमचं बी इचारणार न्हाई. परत आणून सोडल्याबिगर माझी खेप पुरी होत न्हाई, एवढंच मला ठावं हाय."

मग तिने शिवकांताला विचारलं, मी गेल्यावर शेळ्या कोण पाहणार. शिवकांताला होकार कळला.

मोठा दवाखाना सुग्रीवने आधी पाहिलेला नव्हता. पण अनोळखी पाण्यात उतरायचं तर त्यात रोज उभं राहणाऱ्याला विचारावं, इतकं त्याला माहीत होतं. त्याने झाडूवाल्यांना तंबाखू दिली. दहा वाजेपर्यंत कोणती खिडकी कधी उघडते, कोणता डॉक्टर कोणत्या दाराआड बसतो आणि कोणती रांग चष्म्याला जाते, हे सगळं त्याला कळलं. कडूबाईला त्याने नळाजवळच्या सावलीत बसवलं, तिच्या जागी रांगेत स्वतःच्या चपला ठेवल्या आणि त्यांच्या शेजारी तो अनवाणी उभा राहिला. खिडकीतला कारकून म्हणाला, उद्या या. सुग्रीव म्हणाला, बरं, आणि तिथेच उभा राहिला. तो भांडला नाही. वारा पडायची वाट पाहावी तसा तो कारकुनाकडे बघत राहिला. अर्ध्या तासाने केसपेपर बाहेर आला.

पुढे रिपोर्ट, ऑपरेशन, मग मशिनखाली किरणांचा शेक. प्रत्येक खेपेला सुग्रीव सोबत होता. "जेवलात का?" यापलीकडे त्याने कडूबाईला काही विचारलं नाही. हे वस्त्यावस्त्यांवर पसरलं. बायका आता गाठ लवकर दाखवू लागल्या, कारण घरी सांगणं सोपं झालं होतं. सासूने कुठे निघालीस असं विचारलं की म्हणायचं, सुग्रीवसंगं चालले. सासूला वाटायचं, पाण्यापलीकडे.

वर्ष संपताना ट्रस्टच्या बाई पाहणीला येणार असं पत्र आलं. काम पसंत पडलं नाही तर निधी बंद. शिवकांताची झोप उडाली. अहवालात तिने सगळीकडे फक्त 'नावाडी' असं लिहिलं होतं. तो चौथी पास आहे आणि खरोखरच नावाडी आहे, हे लिहायचं धाडस तिला झालं नव्हतं. रुद्रप्पांनी तोड काढली. त्या दिवशी टेबलामागे कडक इस्त्रीच्या साडीत संगीताला बसवायचं आणि सुग्रीवला पाण्यावर धाडायचं.

बाई आल्या. त्यांनी संगीताला विचारलं की केसपेपर कोणत्या खिडकीत मिळतो. संगीता म्हणाली, "सगळ्याच खिडक्यांत." मग बाई बाकावरच्या बायकांकडे वळल्या. "या तुमच्या सोबत येतात ना?"

बायकांनी कडूबाईकडे पाहिलं. कडूबाईचा शेवटचा शेक दोन महिन्यांपूर्वी झाला होता आणि तिच्या अंगात पुन्हा ताकद आली होती.

"ही? हिला तेलगावपतूर जाताना बी येसटी लागती, वकती ही. आमच्यासंगं सुग्रीव येतो."

"तो कोण?"

"नावाडी."

"हो, पण काय काम करतो?"

"नाव चालवतो की, बाई. नावाडी अजून काय करतोय?"

सुग्रीवला बोलावणं गेलं. तो गुडघ्यापर्यंत भिजलेला आला. शिवकांताने मग काही राखून ठेवलं नाही. पत्र, पंधरा दिवसांची मुदत, अनुभवाची अट, सगळं एका दमात सांगून टाकलं. रुद्रप्पा आढ्याकडे बघत होते.

बाईंनी सुग्रीवच्या पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या की 'नावाडी' हा शब्द त्यांचाच होता. ऑफिसात सगळे त्याला हसले होते. बाकीच्या गावांनी तो गुपचूप खोडून 'समन्वयक' केला होता. "चार गावं पाहून आले. चारही ठिकाणी मला टेबलं भेटली," त्या म्हणाल्या. "पाय भिजलेला माणूस इथेच भेटला."

निधी पुढे चालू राहिला, शिवाय अनुभवाची अट नसलेलं आणखी एक पद मिळालं. कुणाला घ्यायचं असं बाईंनी विचारलं तेव्हा संगीता सावरून बसली. सुग्रीव म्हणाला, "कडूबाईला घ्या."

"मला? मी दोनदा चुकलेली बाई हाय."

"म्हणून तर. कुठं कुठं चुकतंय ते हिच्याइतकं कुणालाच ठावं न्हाई."

सोमवारी सकाळच्या गाडीने कडूबाई निघाली. सोबत विमलबाई आणि बायनाबाई होत्या. दोघींनी चिठ्ठ्या पदराला बांधल्या होत्या. सुग्रीवला त्या दिवशी काम नव्हतं, तरी तो स्टँडवर आला, खिडकीखाली उभा राहिला आणि होडी सोडण्याआधी माणसं मोजावीत तसं बोटाने मोजू लागला. कडूबाईने डोकं बाहेर काढलं.

"किती भरल्या?"

"तीन."

"परत मोज. मला धरू नकू."

सुग्रीवने परत मोजलं. दोन भरल्या.