केसाहून बारीक कटरचे भाकीत

“हळू! मोडेल!” मावशीचा हा आवाज भाकीतबाईंच्या कानात लहानपणापासून मुक्कामाला होता. बशी असो, बाहुली असो, मावशीचं भाकीत कधी चुकलं नाही. तिच्या ओरडण्यानेच दचकून हातातली वस्तू पडायची. वस्तू किती जोराने मोडेल हे आधी सांगता येणं, यालाच प्रगती म्हणतात. त्या प्रगतीसाठी एका संस्थेने एक विभाग काढला आणि बाईंना त्याचं प्रमुख केलं.

काम नाजूक. केसाहून बारीक कटर धातूवर फिरणार, त्याला किती जोर लागेल ते सांगायचं. त्या खोलीत शिंकायला लेखी परवानगी लागे. (उसासे तोंडी परवानगीवर चालत.) काप फारच बारीक घेतला तर कटर कापत नाही, नुसता घासत राहतो आणि तापतो. संस्थेत या अवस्थेला ‘बैठक’ म्हणत.

बाईंची भाकितं शंभर टक्के अचूक होती. आधी कापायचं, जोर मोजायचा, मग भाकीत करायचं, अशी शिस्तच होती. नव्या साहेबांना मात्र ती उलटी वाटली.

“बाई, या खेपेला आधी सांगा. चुकलं तर विभाग बंद, आणि तुम्ही खोकी बांधायला.”

बाईंनी आलेख काढून दिला: एक चढ, वर एक टेकडी, मग उतार. समिती यंत्राभोवती कोंडाळं करून उभी राहिली. कटर टेकला. ‘टिक्’ असा आवाज झाला, चिमणीने पैंजण वाजवावं तसा गोड. नीट दिसावं म्हणून साहेब यंत्राच्या टेबलावर रेलले. जोर दाखवणाऱ्या पडद्यावर चढ आला. समितीतले हिशेबनीसही रेलले, टेकडी आली. चहा आला, सगळे सरळ झाले. रेघ खाली उतरली. तंतोतंत! टाळ्यांचा कडकडाट झाला.

“वा, बाई! आता याच सूत्राने हृदयाच्या झडपा बनवू!” साहेब म्हणाले.

हृदय म्हटल्यावर बाईंचं धडधडलं. कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, “साहेब, कटर टेकताक्षणीच मोडला. मला तेव्हाच कळलं होतं. पडद्यावरचा जोर तुमच्या पोटांचा आहे.”

हिशेबनीसांनी उसाशासाठी तोंडी परवानगी मागितली.

“टिक् मीही ऐकलं हो,” साहेब हळूच म्हणाले. “पण हे काही बोलेनात.”

“मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो,” हिशेबनीस म्हणाले.

ऐकलं सगळ्यांनीच होतं. (वाचकांनीही. पण ते चिमणीचं कौतुक करून पुढे गेले.)