शंभरात नऊच पुढं

निकाल वाचायला मला कुणी शिकवायचं काम न्हाई! भोकरदनच्या बाजार समितीत कारकुनी करता करता केस पिकले माझे. आकडा दिसला की मी त्याचा अर्थ, त्याचं गाव, त्याचं खानदान सांगतो. म्हणून आमच्या भार्गवीची इंजिनिअरिंगची सीईटी झाली, त्याच दिवशी मी जाहीर करून टाकलं, "पोरगी पुण्याच्या सरकारी कॉलेजात जाणार. बिलकुल फायनल!"

पोरीनं अभ्यासही तसाच केल्ता. लग्नकार्य न्हाई, टीव्ही न्हाई, मोबाईलसुद्धा आईच्या ताब्यात.

निकाल लागला तेव्हा मी ऑफिसात होतो. तिचा फोन आला.

"बाबा... एक्क्याण्णव," एवढंच बोलली आणि हुंदके द्यायला लागली.

"अगं, आनंद आवरंना व्हय?"

"बाबा, आधी ऐका तरी..."

ऐकतो कोण! मी फोन ठेवला आणि अख्ख्या समितीला पेढे वाटले. मंग फ्लेक्सवाल्या राधेश्यामला गाठलं. "बस स्टँडसमोर बॅनर लाव, जल्दी! एक्क्याण्णव टक्के! आकडा पोरीच्या तोंडाएवढा पाहिजे!" राधेश्याम दिलदार माणूस. त्यानं आकडा एवढा मोठा केला की पोरीचं तोंड त्याच्यामागं लपून बसल्यासारखं दिसायला लागलं.

घरी आलो तर भार्गवी उशीत तोंड खुपसून पडलेली. आमची तारा दारातच म्हणाली, "अहो, पोरगी सकाळपासून जेवली न्हाई. कायतरी घोटाळा आहे."

मी तिच्या उशाशी बसलो. ती उठून बसली, नाक पुसलं आणि म्हणाली, "बाबा, ते टक्के न्हाईत, पर्सेंटाइल आहे. म्हंजे शंभरात नऊ पोरं माझ्या पुढं."

"नऊच ना? मंग दहावा नंबर तुझा! कॉलेजात साठ तरी सीटा असतील!"

"दर शंभरात नऊ, बाबा. परीक्षेला लाखांनी बसल्ती पोरं."

मी मनात हिशोब मांडला. आकडा हजारांत गेला, तिथंही थांबंना! मला ती रांगच दिसायला लागली. पुण्याच्या कॉलेजाच्या फाटकापासून निघालेली, घाट उतरून, गोदावरी ओलांडून थेट आमच्या बस स्टँडवर आलेली. आणि सगळ्यात शेवटी, स्वतःच्याच बॅनरखाली उभी माझी भार्गवी!

"मंग पुण्याला किती लागतात?"

"साडेनव्याण्णवच्या वर."

"म्हंजे फक्त साडेआठ कमी पडले?"

"बाबा!!"

मी पळतच राधेश्यामकडं निघालो, बॅनर उतरवायला. पण कोपऱ्यावरच हलगी कडाडली! राजूरहून माझे मेव्हणे मच्छिंद्रराव आल्ते. एका हातात हार, मागं हलगीवाले, त्यांच्यामागं निम्मी गल्ली. मला त्यांनी तसंच मिठीत उचललं आणि माझ्याच घरी परत आणलं!

भार्गवी दारात आली. डोळे सुजलेले. बायका म्हणाल्या, "बघा, किती कष्ट घेतले लेकरानं!" आणि त्याही रडायला लागल्या. मच्छिंद्ररावांनी हार घातला. हलगीला आणखी जोर चढला.

"मामा, वाजवणं थांबवा," भार्गवी ओरडली. "मला पुण्याला सीट मिळत न्हाई!"

हलगी थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मंग मीच घसा खाकरून सगळं समजावलं: टक्के, पर्सेंटाइल, शंभरात नऊ, लाखांची रांग, माझी चूक. मच्छिंद्रराव मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिले. मंग त्यांनी भाचीच्या पाठीवर हात ठेवला.

"दाजी, समजलं बराबर. पुणं न्हाई तर न्हाई. पण पोरगी डॉक्टर कवा व्हणार, तेवढं सांगा."

भार्गवीला एकदम हसू फुटलं. मला केवढं हायसं वाटलं! पण त्याच हसण्याचं रडणं कधी झालं, कळलंच न्हाई. तारानं तिला पोटाशी धरून आत नेलं.

आणि मी? मी म्हणालो, "मच्छिंद्रराव, चहा घ्या."