पोवारांच्या खात्यावरचा थकवा

बेकारी विम्याच्या कचेरीत थकवा सकाळी दहापासून मिळायचा. पैशाची खिडकी वेगळी होती, तिथे फारसं कुणी रेंगाळत नसे. गर्दी असायची ती थकव्याच्या खिडकीशी, कारण कारखाना बंद पडला की माणसाची झोप आधी उडते, हे सरकारलाही एव्हाना पटलं होतं.

योजना साधी होती. कारखाना चालू असताना सुटीच्या वेळी कामगार गेटवरच्या यंत्राला कार्ड लावी. यंत्र त्याच्या अंगातला चिमूटभर थकवा कापून घेई, कार्डाच्या खात्यावर जमा करी आणि दार उघडी. त्या कपातीमुळेच तर शिरोलीच्या फौंड्रीतले लोक पाळी संपल्यावरही तालमीत जाऊन शड्डू ठोकायचे. पुढे नोकरी गेली की तोच थकवा रोज थोडा थोडा परत मिळे. माणूस घरी जाई, दोन घास खाई आणि गाढ झोपे.

आप्पासो पोवार फौंड्रीत साचे भरायचा. वाळू ठोकून ठोकून त्याचे खांदे असे झाले होते की शिंपी शर्टाचं माप दोनदा घेई. भट्टी विझली तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. बायकोवर खेकसायचा आणि मग स्वतःच शरमून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसायचा. पहिला हप्ता मिळाला त्या दिवशी तो लगबगीनं घरी जाऊन आडवा झाला. झोप काही आली नाही. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा खिडकीशी हजर.

“साहेब, ह्यो थकवा माझा न्हवं.”

खिडकीमागे मुजावर साहेब होते. कुणी अंगावर ओरडत आलं तरी आधी त्याला खुर्ची देणारा माणूस.

“कुठं दुखतंय?”

“घोट्यात. आणि ह्या अंगठ्यात. डोळं बी चुरचुरत्यात. मी खांद्यानं काम केलेला माणूस, आणि खांद्यात कायच न्हाई.”

साहेबांनी त्याचा अंगठा दाबून पाहिला. “हा तपासणीच्या टेबलावरचा. दिवसभर उभं राहून, अंगठा फिरवून मालाची धार बघणाऱ्या बाईचा. तुमचं कार्ड दुसरं कुणी लावत होतं का?”

आप्पासोनं सांगून टाकलं. अक्काताई व्हटकर तपासणीला होती, पण ठेकेदाराकडून. ठेक्याच्या बायकांना कार्ड नव्हतं. त्यांनी मागच्या गेटानं झडती देऊन बाहेर पडायचं, आणि तोवर तिच्या गावची एसटी निघून जायची. म्हणून आप्पासो रोज आपलं कार्ड तिला द्यायचा आणि स्वतः वॉचमनला हात करून सटकायचा. यंत्र दार उघडतं एवढंच दोघांनी पाहिलं होतं. कार्ड कुणाचंही असो, थकवा कापला जातो तो ते लावणाऱ्याच्या हातातून, हे ध्यानातच आलं नाही.

“म्हणजे हे सबंध खातं त्यांचं आहे,” साहेब म्हणाले. “तुमचा थकवा तुम्ही रोज पुरता घरी नेलात.”

“तरीच मला तालमीत जायला कधी जमलं न्हाई.”

“पण नियमानं खातं तुमच्या नावावर. दुसऱ्याच्या थकव्यावरही झोप लागते, पोवार. आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडतो.”

“आणि अक्काला?”

“कार्ड नाही, म्हणजे खातं नाही.”

आप्पासो बाकावर बसला. खोटं कशाला सांगायचं, त्याला मोह झाला. झोपेसाठी तो काहीही द्यायला तयार होता. पण परवाच त्यानं अक्काताईला बाजारात पाहिलं होतं. डोळे तारवटलेले, आणि ती एकेका वांग्यावरनं अंगठा फिरवत उभी होती. घेत काहीच नव्हती.

“तिला घेऊन येतो,” तो उठत म्हणाला.

“तुम्हाला काही उरणार नाही.”

“म्हाईत हाय, साहेब.”

दुपारी अक्काताई आली ती कुरकुरतच. “आप्पा, मी ठेकेदाराची बाई. मला सरकारचं काय नगं.”

“सरकारचं न्हाई अक्का, तुझंच हाय. हात तरी ठेव.”

आप्पासोनं आपलं कार्ड खिडकीत सरकवलं आणि तिनं थकवा मिळायच्या पितळी पट्टीवर हात ठेवला. “व्हय की गं बाई,” ती हळूच म्हणाली, “ह्यो माझाच.” चपलेचा अंगठा नीट करायला म्हणून ती बाकावर टेकली आणि तिथेच झोपली.

मग त्या रांगेनं जे केलं त्याला तोड नाही. मॅनेजरला तोंड उघडू न देणारी ती माणसं, पण एक शब्द बोलली नाहीत. मुजावर साहेबांनी शिक्के मारणं थांबवलं आणि नुसत्या सह्यांवर काम चालवलं. राहिला कचेरीचा दरवाजा. त्याला जबर स्प्रिंग होती, माणूस आत आला की तो धाडकन आपटायचा. आप्पासो पुढे झाला आणि त्यानं दरवाजाला खांदा दिला.

माणसं येत होती, जात होती. “आप्पा, वाईच मी धरतो,” कुणीतरी कानाशी म्हणालं. त्यानं मानेनंच नको म्हटलं. कचेरी बंद व्हायच्या वेळी अक्काताई आपणहून जागी झाली, तेव्हा कुठे त्यानं खांदा काढला.

घरी पोचला तेव्हा त्याचे दोन्ही खांदे ठणकत होते. बायको ताट वाढायला आत गेली. ती बाहेर येईपर्यंत तो झोपला होता.