वाचणाऱ्याची चूक

डोक्यावर औषधालाही केस नसलेला माणूस भर दुपारी लेडीज पार्लरमध्ये शिरतो आणि केस रंगवताना वापरतात ते क्रीम मागतो, "सगळ्यात कडक असेल ते द्या, मोठी बाटली द्या," तेव्हा खुर्चीत मान मागे टाकून बसलेल्या बाईने काय समजावं? ती बाई मी होते. पार्लरवाली माझ्या भुवईवर दोरा तसाच ताणून धरून त्या टकलाकडे बघत राहिली. त्यावर तो माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "माझ्यासाठी नाही हो. पाहुण्यांसाठी हवंय. फार पिवळे पडलेत बिचारे."

हे मधुकर पिंगळे. गंगापूर रोडच्या आमच्या सोसायटीत ते माझ्या समोरच्या दारात राहतात. अंबडच्या एका कारखान्यात बरीच वर्षं मेंटेनन्सला होते, मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणतात. दुधाची पिशवी आणायची राहून गेली, तशा आवाजात. आणि त्यांचे पाहुणे म्हणजे जुने घरगुती कॉम्प्युटर. अगदी सुरुवातीचे. तेव्हा कीबोर्डच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर असायचा, तो घरच्या टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्राम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. ती कॅसेट वाजायला लागली की मिक्सरमध्ये चमचा पडल्यासारखा आवाज यायचा. अजूनही येतो, कारण आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक जिना आहे.

हे पाहुणे भंगारवाल्यांकडून येतात, बंद पडलेल्या क्लासेसमधून येतात, कुणाकुणाच्या माळ्यावरून येतात. आले की आधी त्यांची आंघोळ. पिंगळे त्यांचा एकेक स्क्रू काढतात, भांड्यांच्या साबणाने आणि दात घासायच्या ब्रशने त्यांना घासतात, मग पिवळ्या प्लास्टिकला ते पार्लरचं क्रीम फासून गच्चीवर उन्हात ठेवतात. उन्हात ते प्लास्टिक खरंच पांढरं होतं. मला पटलं नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलं.

मात्र गच्ची एकट्या पिंगळ्यांची नाही. गेल्या उन्हाळ्यात तिथे एका बाजूला वैद्यकाकूंचे मुगाचे सांडगे वाळत होते आणि शेजारच्या प्लास्टिकवर पिंगळ्यांनी धुऊन ठेवलेली कीबोर्डची बटणं. वावटळ आली. काकूंनी धावत वर जाऊन, चष्मा न लावता, हाताला लागेल ते सगळं डब्यात भरलं. संध्याकाळी एक सांडगा तेलात काही केल्या फुलेना. वास सुटला तसे पिंगळे जिना उतरून धावत आले, कढईत डोकावले आणि कळवळून म्हणाले, "काकू, तुम्ही आमचा 'आर' तळलात!" तो आर त्यांनी पुसून, घासून पुन्हा बसवला. आजही त्या कीबोर्डवर तो एकटाच तांबूस आहे. सगळं तेल फेकून द्यावं लागलं म्हणून काकू मात्र महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

इथवरचं कुणीही खपवून घेईल. खरा त्रास पुढे आहे. पाहुणा सुरू झाला की त्याला काहीतरी काम द्यावं लागतं. त्या काळच्या मासिकांत प्रोग्राम छापून यायचे, पानंच्या पानं नुसत्या आकड्यांच्या आणि इंग्रजी अक्षरांच्या ओळी. त्या जशाच्या तशा टाइप केल्या की पडद्यावर चेंडू उडायचा किंवा घड्याळ चालायचं. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं, अशी पद्धत. म्हणून पिंगळ्यांच्या दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न येतो, "जरा चार ओळी वाचता का?"

चार ओळी कधीच चार नसतात. गॅसवाल्याने वाचल्या आहेत, वॉचमनने वाचल्या आहेत. मत मागायला आलेल्या एका उमेदवाराला बसवून पिंगळ्यांनी दोन पानं वाचून घेतली आणि निघताना सांगितलं, "मत देईन, पण स्वल्पविराम गाळत जाऊ नका." टाइप करायला ते कुणालाही बसू देत नाहीत. आणि प्रोग्राम चालला नाही, म्हणजे बहुतेक वेळा, की खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "मशीन चुकत नसतं. वाचणाऱ्याची चूक."

मी शाळेत इतिहास शिकवते. पोरांचे पेपर वाचण्यात माझी निम्मी हयात गेली. एका रविवारी मी घरचा स्वयंपाक टाकून त्यांना वाचून दिलं आणि या गृहस्थांनी मला ऐकवलं, "मॅडम, तुमचं लक्ष नव्हतं." मी ताडकन उठून दार आपटून घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कडीला कोथिंबिरीची ही मोठी जुडी लटकत होती, मखमलाबादच्या त्यांच्या चुलतभावाच्या मळ्यातली. पिंगळे क्षमा अशीच मागतात. 'चुकलो' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता.

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांना सायखेड्याहून कुणाचा तरी फोन आला. एका निवृत्त मास्तरांच्या माळ्यावर जुनं काहीतरी सापडलं होतं. पिंगळे गेले आणि संध्याकाळी चादरीत गुंडाळलेलं गाठोडं पोटाशी धरून आले. मी जिन्यातच विचारलं, "नवे पाहुणे का?"

"पाहुणा नाही, मॅडम," ते म्हणाले. "हा घरचा माणूस." आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

पुढचे काही महिने त्यांनी दुसऱ्या कशाला हात लावला नाही. आतले फुगलेले कॅपॅसिटर काढून नवे बसवले. आधी पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग यायची, मग राखाडी चित्र आलं, आणि नवरात्रात एकदाचे रंग आले. मीच आपण होऊन म्हटलं, "वाचू का चार ओळी?" तर म्हणाले, "नको. याच्याजवळचं माणूस ठरलेलं आहे." खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण थोडा रागच आला.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. येवल्याला बहिणीकडे जायचं होतं. दरवर्षी ते एसटीने जातात, पण यंदा बरोबर त्यांच्याकडचा एक जुना डबा टीव्ही न्यायचा होता, कारण त्या कॉम्प्युटरला नवा टीव्ही चालत नाही. माझा भाऊ भाऊबीजेला संध्याकाळी येणार होता, म्हणून त्या सकाळी मी गाडी काढली. टीव्ही मागच्या सीटवर बसवून पिंगळ्यांनी त्याला पट्टा लावला. स्वतः मात्र मी दोनदा सांगेपर्यंत लावला नाही.

निफाड मागे पडल्यावर ते बोलायला लागले. लहानपणी एका वर्षी त्यांच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, द्राक्षं चांगली गेली. इतरांनी मोटारसायकली घेतल्या. वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं की पुढे सगळं जग कॉम्प्युटरवर चालणार, म्हणून त्यांनी मुंबईहून कॉम्प्युटर आणवला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं. धाकटी शकुंतला मासिकातून वाचायची आणि मधुकर टाइप करायचा.

"आणि शकुंतला कधी टाइप करायची?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "अण्णा म्हणायचे, बटणं पोरानेच दाबायची. मीही कधी म्हटलं नाही, की आता तू बस."

एका दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी मोराचा मोठा प्रोग्राम घेतला. अख्खा दिवस खपून टाइप केला आणि तो चाललाच नाही. "मी तिला म्हटलं, तुला वाचताच येत नाही. ती उठली ती पुन्हा तिथे बसली नाही. पुढे ते मशीन जळालं, तिचं लग्न झालं. आजसुद्धा फोनमध्ये काही करायचं असलं की दाजींच्या हातात देते. मशीनचं मला कळत नाही म्हणते." मासिकाची ती पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या मांडीवर होती. सगळे पाहुणे गोळा करण्यामागे हा एकच कॉम्प्युटर होता, हे मला तेव्हा कळलं.

शकुंतलाबाईंच्या घरात पुढच्या खोलीत पैठणीचा माग आहे. सण असूनही दाजी त्यावर बसले होते, कुणाची तरी लग्नाची साडी द्यायची होती. बाईंनी भावाला पाटावर बसवून ओवाळलं. पिंगळ्यांनी ओवाळणीचं गाठोडं पुढे केलं. ताटात ते मावेना.

"हे काय हाय, दादा? मला वाटलं साडी आणली."

"येवल्यात राहणाऱ्या बहिणीला साडी काय आणायची?"

बाईंनी चादर उलगडली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. "आपला?"

"आपला नाही. तसलाच."

टीव्ही जोडून झाला. बाई सवयीने बाजूच्या स्टुलावर बसल्या आणि पानांसाठी हात पुढे केला. पिंगळ्यांनी पानं दिली नाहीत. "आज मी वाचतो, शकू. तू टाइप कर."

"नाय रे बाबा. मला नाय जमायचं. मशिनीतलं मला काय बी कळत नाय."

पिंगळ्यांनी खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. मी काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात दाजींनी माग थांबवला. "अख्खी नक्षी डोक्यात ठेवून धागा भरती," ते माझ्याकडे बघून म्हणाले, "अन् म्हणे कळत नाय."

बाईंनी पदराला हात पुसले आणि खुर्चीत बसल्या.

पहिली ओळ टाइप व्हायला फार वेळ लागला. पुढे बोटांना सापडत गेलं. पिंगळ्यांचं वाचन मात्र भयंकर होतं. ते घाई करत, ओळ गाळत, मध्येच चष्मा पुसत. शेवटी बाई वैतागल्या. "हळू की! स्वल्पविराम हाय का तिथं? मग सांगायला नको? तुला वाचता येत नाय का नीट?"

बोलल्या आणि त्यांनी वळून भावाकडे बघितलं. पिंगळे पानात बघत म्हणाले, "नाही येत. पुढची ओळ घेतो."

जेवणं थंड झाली. अखेर बाईंनी शेवटचं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि काळाच राहिला. मग खालच्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ उमटली, तिच्यावर निळी, आणि रेघेवर रेघ चढत मोर उभा राहिला. चौकटीचौकटींचा, मागावरच्या पदरावर असतो तसाच.

पिंगळे उठून उभे राहिले. "म्हणजे छापलेलं बरोबर होतं. तू बरोबर वाचलं होतंस, शकू. माझं चुकलं. टाइप करणाऱ्याची चूक होती."

काटेकोर बोलायचं तर यावरून तसं काहीच सिद्ध होत नव्हतं. पण मी इतिहासाची बाई असूनही पुरावा मागितला नाही, कारण मला नीट दिसतच नव्हतं.

"मला तवाच ठाऊक होतं," बाई मोरावरची नजर न काढता म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

"तू लय रडला असता."

येताना मागची सीट रिकामी होती, टीव्हीही बाईंनी ठेवून घेतला. पुढच्या रविवारी माझी बेल वाजली. दारात पिंगळे. मी तयारीतच होते, की स्वयंपाक आहे, वाचायला वेळ नाही.

"मॅडम, जरा चार ओळी टाइप करता का? मी वाचतो."

मी केल्या. चार नव्हत्या, अर्थातच. प्रोग्राम चालला नाही. मी खुर्चीत मागे रेलून त्यांच्याकडे बघितलं.

"वाचणाऱ्याची चूक," पिंगळे म्हणाले आणि इतके हसले, की खालून वैद्यकाकू काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांनाही आम्ही बसवून घेतलं.