चकतीतून चकती वजा

जे सतत समोर असते ते मोजायचे नसते, हे कळायला विज्ञानाला अवरक्त वर्णपटमापी बनवावा लागला. कचेऱ्यांना ते आधीपासूनच ठाऊक होते.

भोपाळच्या पिपलानीतल्या आमच्या प्रयोगशाळेत हे यंत्र आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ते पदार्थातून सोडते. प्रत्येक रेणू आपापल्या आवडीचा प्रकाश गिळतो आणि कागदावरच्या रेघेला तिथे खड्डा पडतो. खड्ड्यावरून रेणू ओळखायचा. (आमच्या स्कूटरवाल्यांना याच पद्धतीने वस्ती ओळखता येते.) मात्र आधी यंत्राला रिकामी जागा दाखवावी लागते. हवेतली वाफ, आपला श्वास, जे काही तिथे असेल ते यंत्र लक्षात ठेवते आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करते. याला पार्श्वभूमी घेणे म्हणतात.

आमच्याकडे गॅस गळताच वाजणाऱ्या घंटांच्या चकत्या तपासायला येतात. चकतीवर गॅस हेरणारा, केसाहून शंभरपट पातळ थर असतो. त्यात पाणी शिरले असेल तर घंटा वाजत नाही. (भोपाळात याहून जास्त समजावून सांगावे लागत नाही.) तपासणी मृणाल करते. तिचे कंत्राट मार्चअखेरपर्यंत आहे. पुढचे साहेबांच्या मर्जीवर.

साहेब म्हणजे मूळ नागपूरचे मनोहर देवपुजारी. खंडेनवमीला त्यांनी यंत्राची यथासांग पूजा केली आणि प्रकाश जातो त्या खिडकीवर तुपात कालवलेल्या कुंकवाचे बोट लावले. दसरा झाल्यावर प्रत्येक चकतीत तूप सापडू लागले. मृणालने कापूस उचलला.

"अरे बेटा, पूजेचं बोट कोणी पुसतं का?" साहेब म्हणाले. "त्याच्यासकट पार्श्वभूमी घे ना."

घेतली. तूप नाहीसे झाले, श्रद्धा शाबूत राहिली. धर्म आणि विज्ञान यांचा इतका स्वस्त समेट मी तरी पाहिलेला नाही.

दिवाळीनंतर चाळीस चकत्यांत खरेच पाणी निघाले.

"सर, या परत पाठवायलाच हव्यात. घंटा वाजणार नाही," मृणाल म्हणाली.

साहेबांनी चहा संपेपर्यंत विचार केला. "तुपाचं जमलं, मग पाण्याचं का नाही जमणार? चकती आत ठेव, अन् मग पार्श्वभूमी घे. टेन्शन नको घेऊ."

चकतीतून तीच चकती वजा झाली. रेघ अशी सरळ आली की पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकी सरळ गोष्ट मी कार्यालयात पाहिली नव्हती. दोषांचे प्रमाण बावीस टक्क्यांवरून शून्यावर आले. प्रशस्तिपत्र मिळाले. ते भिंतीवरच्या ओलीवर टांगले, त्यामुळे ओलही वजा झाली.

मृणालने मात्र अहवालावर सही केली नाही. लेखी तक्रार घेऊन ती साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली. पहिल्या दिवशी साहेब दचकले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा घेतलास का, असे विचारले. दहाव्या दिवशी त्यांनी तिच्या शेजारी हेल्मेट ठेवले आणि आत निघून गेले. आता मार्च संपत आला आहे. ती अजून रोज येऊन बसते. मला वाईट वाटायचे. हल्ली वाटत नाही. अहवालांवर सह्या मी करतो. कोणीतरी करायलाच हव्यात.

तुम्हीही गेल्या आठवड्यात कुठल्या तरी कचेरीत गेला असाल. साहेबांच्या दाराबाहेर, हातात कागद घेऊन, बाकावर कोण बसले होते? आठवत नाही? उत्तम. तुमची पार्श्वभूमी चोख आहे.

आणि तुमच्या स्वयंपाकघरातली ती गॅसची घंटा अजून एकदाही वाजलेली नाही ना? मग झाले तर.