सरका, रस चाललाय!

काशीत झाकलेला तांब्या छातीशी धरून कोणी घाईघाईने निघालेला दिसला, की नवखा माणूस बाजूला होतो आणि हात जोडतो. मीही जोडले होते. बँकेतून बदली होऊन येऊन तिसराच दिवस. ब्रह्मा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत मी भिंतीला चिकटलो, चपला काढल्या आणि त्या अनोळखी आत्म्याला मनातल्या मनात सद्गती चिंतिली. तांब्या पुढे निघून गेला. मागून पानवाला म्हणाला, "चप्पल पहिन लीजिए बाबूजी. संतरे का जूस है."

हे आमचे केशवगुरुजी आठल्ये. वय एकाहत्तर, धोतराचा काचा आवळलेला, डोक्याला मफलर, हातात पितळी तांब्या आणि त्यावर ओलं फडकं. मैदागिनच्या चौकात मुरारीचं ज्यूसचं दुकान आहे. तिथून रोज संध्याकाळी पाच वाजता गुरुजी निघतात ते पळतच. हिंदीवाल्यांना "हटो, रस जा रहा है!" आणि आपल्या लोकांना "सरका, रस चाललाय!" असं ओरडत. गल्लीतला सांड कोणासाठी हलत नाही. गुरुजींसाठीही हलत नाही, पण एक कान हलवतो. काशीत एवढं पुष्कळ झालं.

पळायचं कारण असं. गेल्या पावसाळ्यात सुमतीकाकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, मोठा ताप आला. वीसेक दिवसांनी ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. वरण-भात समोर आला की तोंड फिरवायच्या. दिवसाकाठी पोटात टिकायचा तो एक पेला संत्र्याचा रस. तोही एक घोट घेऊन त्या म्हणायच्या, "आज जरा कडवट आहे हो." कधी अर्धा प्यायच्या, कधी तसाच ठेवायच्या. तो पेला रिकामा व्हावा, एवढ्या एका गोष्टीसाठी गुरुजींनी आपलं उरलेलं आयुष्य लावलं होतं.

त्यांचा सिद्धांत होता की संत्र्याचा रस काढल्यापासून बारा मिनिटं जिवंत असतो. "बात अशी आहे," गुरुजींचं प्रत्येक वाक्य इथूनच सुरू व्हायचं, "बात अशी आहे, की फळातून निघाला की त्याचं आयुष्य मोजायला लागायचं. बारा मिनिटं. तेराव्या मिनिटाला कडू. मग त्याचं पिंडदान करा."

यात थोडं तथ्य आहे. संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो, हे मला सांगायला शास्त्री लागत नाही. मी मोर्शीकडचा. माझे वडील संत्र्याच्या बागांत तोडणीला आणि पेट्या भरायला जायचे. झाडावरचं मालकाचं, खाली पडलेलं आपलं, एवढंच आमचं बागायतीचं शिक्षण. त्या घरातला मी पहिला पदवीधर. मी हे सगळ्यांना सांगतो. ज्यांच्या घरी चार पिढ्या शिकल्या, त्यांना यात सांगण्यासारखं काय ते कळत नाही. न कळो. गुरुजींना मात्र कळलं. त्यांच्याच घराची वरची खोली मी भाड्याने घेतली, पहिल्या दिवशीच बी.कॉम. असल्याचं सांगितलं, आणि तेव्हापासून ते मला "अहो ग्रॅज्युएट" म्हणतात. इंगळे हे आडनाव त्यांनी परत उच्चारलं नाही.

मोर्शी हे नाव ऐकल्यावर तर त्यांनी मला तज्ज्ञच नेमलं. रविवारी मुरारीकडे न्यायचे. तिथे तपासणी असायची. फळ उचलायचं, दाबायचं, सालीला नख लावून हुंगायचं आणि माझ्या नाकाखाली धरायचं.

"बोला ग्रॅज्युएट. नागपूर की पंजाब?"

"पंजाब. हा किन्नू आहे. साल चिकटून आहे बघा."

"ऐकलंस मुरारी? हा संत्रा नाही! संत्र्याचा लांबचा नातेवाईक आहे!"

मुरारी यंत्राचा दांडा फिरवत शांतपणे म्हणायचा, "गुरुजी, संतरा हौ, लइकी ना हौ, जौन गोत्र पूछत हउआ."

पण मुलगी असो की संत्रं, गोत्र विचारल्याशिवाय गुरुजींनी आजवर कुठलंच काम केलेलं नाही. संकल्पाच्या आधी यजमानाचं विचारायचं, रसाच्या आधी संत्र्याचं. मग बिया काढल्या का, मघाशी यंत्रातून मोसंबी गेली होती का, हात धुतले का. मुरारी दिवसाला शंभर गिऱ्हाइकं करतो. त्यातली नव्व्याण्णव मिळून जेवढा वेळ खातात तेवढा एकटे गुरुजी. तरी पाचला पाच मिनिटं कमी असताना तो टोपलीतली सहा चांगली फळं बाजूला काढून ठेवायचा. वर म्हणायचा, "आवत होइहें, इंसपेक्टर साहब."

मोठा धक्का गुरुजींना वर्तमानपत्राने दिला. न्यूयॉर्कच्या बाजारात संत्र्याचा रस गोठवून, आटवून, पुढच्या हंगामाच्या भावाने विकला जातो, असं त्यांनी वाचलं. पेपर घेऊन तडक माझ्या बँकेत आले. काउंटरवर रांग होती. ती त्यांनी ओलांडली.

"अहो ग्रॅज्युएट, हे खरं आहे?"

"खरं आहे, गुरुजी. वायदेबाजार म्हणतात त्याला."

"झाडाला अजून फूल नाही, आणि रस विकला?"

"हो."

"कोणी प्यायला नाही, कोणी पाहिला नाही, आणि किंमत वरखाली होते?"

"रोज होते."

गुरुजी विचारात पडले. रांगेतले लोकही. शेवटी म्हणाले, "बात अशी आहे, हे लोक आपल्याच धर्माचे दिसतात. न दिसणाऱ्या वस्तूची दक्षिणा आगाऊ घ्यायची, हे आम्हाला वाटायचं फक्त घाटावर चालतं." आणि जाता जाता, "पण त्यांचा रस वर्षभर टिकतो आणि माझा बारा मिनिटं. हा न्याय नव्हे."

तेव्हापासून काकूंचा रस कडू निघाला की दोष वाटून दिला जायचा. कधी मुरारीला, कधी पंजाबला, कधी वाटेत आडव्या आलेल्या लग्नाच्या वरातीला. एकदा ब्राझीलमधल्या दुष्काळालाही. तो दुष्काळ मुरारीच्या टोपलीपर्यंत कसा आला, हे मी विचारलं. गुरुजी म्हणाले, "बी.कॉम.ला हे शिकवत नाहीत?"

जानेवारीत एका संध्याकाळी गुरुजी धापा टाकत आले, तांब्या ओट्यावर ठेवला, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पितळ! पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं. आमच्याकडे पितळेचं भांडं एकच होतं, पण तेवढी अक्कल त्याने दिली होती. मी माणूस सरळ बोलणारा. मोठ्याने, आतल्या खोलीपर्यंत जाईल असं म्हणालो, "गुरुजी, रस मरत नाही. तुमच्या तांब्यात कळकतोय! काचेच्या बाटलीतून आणा, एक थेंब कडू झाला तर मला सांगा."

गुरुजींनी तांब्यावरचं फडकं काढून पिळलं. मला वाटलं, हरले. पोथीवर पदवीने मात केली.

आतून काकूंचा आवाज आला. इतक्या दिवसांत एवढा खणखणीत ऐकला नव्हता. "बघा! ग्रॅज्युएट काय म्हणतात ते ऐका जरा! चार महिने मला कळकलेला रस पाजताय."

दुसऱ्या दिवशी मी बँकेतून लवकर निघालो. बाटली मीच घेतली होती, गरम पाण्याने धुतली होती. संत्रीही निवडून नागपूरची. पाचला आम्ही दोघे मुरारीकडून निघालो. मी बाटली घेऊन पुढे, गुरुजी मागे. त्या दिवशी ते ओरडले नाहीत आणि पळालेही नाहीत. मीच "हटो, हटो" करत होतो. घरी आलो तर काकू उशीला टेकून बसलेल्या. वेणी घातलेली, कपाळाला कुंकू, धुवट लुगडं. पेला त्यांनी स्वतःच घासून पुसून जवळ ठेवला होता.

मी पेला भरला. रंग असा, की माझ्या वडिलांनी बघितला असता तर मान डोलावली असती. काकूंनी घोट घेतला. तोंडात धरला. गिळला. आणि माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाल्या, "आज… जरा कडवटच आहे हो."

मी तोंड उघडलं. गुरुजींनी माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं. बाटलीत तळाशी राहिलेला रस त्यांनी वाटीत ओतून माझ्यापुढे केला. मी प्यायलो. साखर होती नुसती.

"गोड आहे," मी म्हणालो.

"रोजच असतो." गुरुजींनी फळीवरचा पितळी तांब्या काढला आणि त्याचं तोंड माझ्याकडे केलं. आतून पांढराशुभ्र. "दिवाळीला कल्हई केली आहे. यात काही कळकत नाही. मुंजीतला बटूसुद्धा बोलण्याआधी आत डोकावून बघतो, ग्रॅज्युएट."

आता मीही आत डोकावलो.

"तापात तिची चव गेली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. परत येईल, न येईल. तिला नाही सांगितलं." ते आवाज खाली ठेवून बोलत होते आणि एकदाही "बात अशी आहे" म्हणाले नव्हते. "रस कडू असला, तर उद्याचा गोड निघेल. जीभच कडू म्हटल्यावर उद्यासाठी ती तोंड कशाला उघडेल? म्हणून मी मुरारीशी भांडतो. पंजाबशी भांडतो. तांब्याचा दोष राखून ठेवला होता, अगदीच काही उरलं नाही तर म्हणून. तो तुम्ही काल खर्च केलात."

बाहेरून हाक आली. "काय हो ग्रॅज्युएट? आता कशाने झाला कडू?"

मी गुरुजींकडे पाहिलं. बारा मिनिटांपासून ब्राझीलपर्यंत कारणं जमवणारा हा माणूस, फळीवर तांब्या ठेवत होता आणि तो काही केल्या नीट बसत नव्हता.

मी बाहेर आलो. काकूंच्या मांडीवर पेला तसाच होता. मी खोटं बोलत नाही, निदान आजवर त्यात माझी ख्याती नव्हती. वडिलांचं नाव घेतलं आणि सुरुवात केली.

"काकू, चूक माझी. हा आंबिया बहार आहे, हिवाळ्यातलं पीक. संपत आला. शेवटच्या शेवटच्या फळांना असा कडवटपणा येतोच. माझे वडील तर या दिवसांत संत्र्याला हात लावत नसत. खरी गोडी मृग बहाराला."

"आणि तो कधी?"

"मार्चमध्ये. मी गावाहून पेटी मागवतो."

काकूंनी बोटांवर काहीतरी मोजलं. पौष, माघ, फाल्गुन.

"म्हणजे शिमग्यापर्यंत हाच प्यायला लागणार," त्या कुरकुरल्या, आणि नाक मुरडून त्यांनी पेला तोंडाला लावला, तो रिकामा करूनच खाली ठेवला.